मंगळाच्या नाक्यावर

१ जुलै १९९०, रविवार. पिंप्राळा, जळगाव

लग्नसराई संपली आणि कॅमेरा कपाटात गेला. आता तुळशीच्या लग्नापर्यंत मी रिकामा. या हंगामात मी इतके नवरदेव घोड्यावर चढताना आणि इतक्या मुली सासरी निघताना टिपल्या की समोर कोणी रडायला लागलं की माझा अंगठा आपोआप झूमच्या बटणावर जातो. कुंदा म्हणते, हे काही चांगलं लक्षण नाही. बायकोला धंद्यातलं काय कळतं.

धुळ्याच्या एका विज्ञान मंडळाने लघुचित्रपटांची स्पर्धा ठेवली आहे. विषय ‘उद्याचे जग’. व्हीएचएस कॅसेट चालेल. ५ ऑगस्टच्या आत पोचती करायची. पेपरातलं कात्रण मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो आणि आज ठरवलं, करायचं. लग्नाच्या कॅसेटमध्ये बदामाच्या आकारात नवरा-नवरी दाखवतो तसलं काही नाही. गंभीर काम करायचं. मोठे दिग्दर्शक रोज लिहून ठेवतात असं ऐकलं आहे, म्हणून हेही सुरू केलं.

३ जुलै, मंगळवार

गोष्ट तयार आहे. साल २०९०. पृथ्वी आटली आहे. तापीच्या कोरड्या पात्रात बाजार भरतो. पैसेवाले लोक केव्हाच मंगळावर गेले, काचेच्या छताखाली शहरं वसवली आणि मागून दार लावून घेतलं. परवाना नसेल त्याने यायचं नाही. तरी लोक जातातच. दलाल त्यांना मालाच्या यानात केळीच्या घडांखाली दडवतात. काही वाटेत गुदमरतात, उरलेले मंगळाच्या नाक्यावर सापडतात. तिथे एक म्हातारा पहारेकरी आहे. तो त्यांना माघारी हाकलतो. पण पृथ्वीही त्यांना घेत नाही, कारण जो न विचारता गेला त्याचं नाव तिथूनही कापलेलं असतं. मग ते यान दोन ग्रहांच्या मध्ये फिरत राहतं. अंधार. समाप्त. संगीतसुद्धा नाही.

सगळ्यात भारी कल्पना पुढेच आहे. मंगळावर सरकारी कोठार असतं आणि त्यात दर माणसाच्या नावाने मापभर धान्य ठेवलेलं असतं. ज्याचं माप कोठारात, तो तिथला. ज्याचं माप काढून घेतलं, तो बेकायदेशीर. पहारेकरी फक्त एवढंच म्हणतो: “तुझं माप नाही. माघारी फिर.” हे सुचलं तेव्हा मी दाढी अर्धी ठेवून लिहायला बसलो.

कुंदाला वाचून दाखवलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, “ही तर कानबाईची मूठ आहे.”

मी म्हटलं, विज्ञानात कानबाई आणू नकोस.

“तुम्हीच आणली,” ती म्हणाली.

तिचं म्हणणं असं की श्रावणात आमच्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, तेव्हा रोटांचा, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचा, गहू घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ असा मोजून घेतात, आणि तो रोट घरच्याशिवाय कोणाला देत नाहीत. हे मला काय नवीन सांगते? पण ते धर्माचं झालं आणि हे रेशनिंगचं शास्त्र. दोन्हींत फरक आहे. मग तिने पुनाचं नाव काढलं आणि मी उठून दाढी पूर्ण केली.

पुना माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी घरात न सांगता सुरतेला मागावर कामाला गेला आणि तिथेच एका ओडिया मागवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. त्या श्रावणात माय गहू मोजायला बसली, तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पुनाच्या नावाची मूठ घेऊ दिली नाही. तेव्हापासून नाहीच घेतली. आमच्या घरात तो विषय निघत नाही. आणि त्याचा माझ्या चित्रपटाशी संबंधही नाही.

८ जुलै, रविवार

गावी जाऊन आलो. आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, धुळे रस्त्याला लागून. गावाजवळची कापसाची जिनिंग मिल पावसाळ्यात बंद असते. तिथले मुकादम कौतिकभाऊ आबांचे जुने दोस्त, त्यांनी किल्ली दिली. आतला उंच पत्र्याचा हॉल, कोपऱ्यात उरलेल्या कापसाचा ढीग, वरच्या फटींतून येणारा उजेड. बघूनच म्हटलं, मंगळ सापडला. मिलचं लोखंडी फाटक आणि त्याचा आडवा दांडा म्हणजे नाका.

आणि पहारेकरीही सापडला. आमच्याच घराच्या दारासमोर बसून दात कोरत होता. आमचे आबा. ती उंची, त्या मिशा, आणि समोरच्याने काही विचारायच्या आधीच नाही म्हणायचा चेहरा. झुलाल आबांचं नाव काढलं तर गावातली भांडणं अर्ध्या आवाजात होतात. मी गोष्ट सांगितली. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“तुन्हा मंगळवर पाऊस पडस का?” त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हटलं.

“मंग लोके तठे काबरं जातस?”

आतून माय म्हणाली, “पोटसाठे. काबरं म्हंजे काय? सुरतनीच गोट शे ही.”

आबांनी खाली बघून काडी मोडली. माझ्या कपाळाला आठी पडली. आजवर ही गोष्ट मी पाच जणांना सांगितली आणि पाचही जणांना सुरत आठवली. आमच्या लोकांची कल्पनाशक्ती सुरतेच्या पुढे जात नाही. मी पुन्हा समजावून सांगितलं की हा आंतरग्रहीय प्रश्न आहे. आबा म्हणाले काम करतो, पण चेहऱ्याला रंग लावणार नाही.

११ जुलै, बुधवार

केळीच्या वखारीत पहिलं शूटिंग. यानाचं पोट म्हणून ती अंधारी पिकवणीची खोली घेतली. स्थलांतरित म्हणून वखारीतलेच सहा हमाल. त्यांना पानांखाली झोपवलं, वर घड रचले. “यान हादरतंय” असं मी ओरडलो की त्यांनी हादरायचं. फार सुंदर हादरले. एक जण खरंच झोपला आणि घोरला, तो आवाज मी इंजिनाचा म्हणून ठेवणार आहे.

मुख्य पात्र, म्हणजे ज्याला आबा अडवतात तो, जीवराम करतो आहे. जीवराम पोस्टात आहे आणि गणपतीतल्या नाटकात दरवर्षी राजा होतो. त्याचा पोशाख मीच केला: खताच्या गोण्यांच्या आतल्या प्लास्टिकवर चहाच्या खोक्यांतला चंदेरी कागद चिकटवून. पाठीला फवारणीचा पंप, तो प्राणवायू. डोक्याला स्कूटरचं हेल्मेट, त्याच्या काचेवर एक्स-रेची फिल्म. आतून बाहेरचं अंधुक दिसतं, बाहेरून आतला माणूस अजिबात दिसत नाही. पंप धुऊन घेतला होता तरी वास येत होता. जीवराम म्हणाला, मंगळावर बोंडअळीसुद्धा आहे की काय.

१४ जुलै, शनिवार

जीवराम पळाला. अंगावर पुरळ उठलं म्हणे. शिवाय त्याची तक्रार अशी की तोंडच दिसणार नसेल तर अभिनय काय कानाने करायचा. मी म्हटलं, खांद्यांनी कर. तो म्हणाला, मग खांदेवालाच शोध.

२२ तारखेला आबांचा प्रवेश ठरला आहे. पुढे श्रावण लागला की आबा कानबाईच्या तयारीत गुंतणार. माणूस नाही, वेळ नाही. मला या धंद्यात कोणी आणलं होतं?

कुंदा म्हणाली, “तेवढ्याच उंचीचा, उकाडा सोसणारा माणूस मी बघते.” तिला म्हटलं बघ. बुडत्याला काडीचा आधार.

१८ जुलै, बुधवार

आज सकाळी रिक्षातून पुना उतरला. सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी.

कुंदाने एसटीडी बूथवरून सुरतेच्या कारखान्यात फोन केला होता. मला सांगितलंच नाही. म्हणे तुमच्या भावाला माणूस हवाय, आणि समोर आबा उभे राहणार आहेत, हेल्मेट घालायचं आहे, कोणी ओळखणार नाही. पुनाने मालकाकडे सुट्टी मागितली, मिळाली नाही, तरी आला. आता परत गेल्यावर माग राहतो की नाही देव जाणे. मी कुंदावर चिडायच्या बेतात होतो. तेवढ्यात पुना पाया पडायला वाकला. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झालेत. माझ्या लहान भावाचे. चहा टाकायला सांगितलं आणि बाहेर जाऊन उगाच स्कूटर पुसली.

त्याची बायको बसंती. हिंदी, गुजराती आणि आपली भाषा मिसळून बोलते. मुलीचं नाव राणी. ती मला बघून टेबलाखाली गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

पुनाला मी स्पष्ट सांगितलं: आबांना कळता कामा नये. कळलं तर तुझं जे व्हायचं ते होवो, माझा चित्रपट बुडेल. तो म्हणाला, “भाऊ, मला फक्त एकदा त्यांच्यासमोर उभं राहायचंय. ते हाकलतील ते मंगळावरून हाकलतील, मला चालेल.” चांगला नट आहे, विषय चटकन समजला.

२० जुलै, शुक्रवार. गावी

आज नाक्याबाहेरचे प्रसंग घेतले. पुना लांबून, आवाराच्या दुसऱ्या टोकापासून चालत येतो आणि फाटकाजवळ आबा उभे. पुनाला घरापासून सगळा पोशाख घालूनच आणला होता. गावातली पोरं मागे लागली. कौतिकभाऊंनी त्यांना हाकललं.

पुना चालायला लागला. आबांनी एकदा बघितलं आणि हातातली काठी खाली टेकवली. मी ओरडलो, काठी वर, आबा, तुम्ही पहारेकरी आहात. त्यांना ऐकूच गेलं नाही. वय झालं. शॉट पुन्हा घ्यावा लागला.

नंतर त्यांनी विचारलं, “हाऊ कोठला शे?”

मी तयारच होतो. म्हटलं, नवापूरकडचा, कुंदाच्या नात्यातला.

“नवापूर,” आबा म्हणाले. “बरं.”

जेवायला मायने शेवभाजी पाठवली होती. पुना आतल्या खोलीत एकटा जेवणार, त्याला लोकांसमोर खाण्याची लाज वाटते असं मी सांगून ठेवलं होतं. आबा भांड्याजवळ आले आणि कौतिकभाऊंना म्हणाले, “त्याले दूध-भाकर द्या. तिखं देऊ नका, सोसाव नही त्याले.” आता हे आबांना कसं कळलं कुणास ठाऊक. पुनाला लहानपणापासून तिखट सोसत नाही हे खरं आहे. पण नवापूरकडचे लोक सौम्य खातात असा काहीतरी म्हाताऱ्यांचा अंदाज असावा. एकूण लक्षण चांगलं आहे. अजिबात ओळखलं नाही.

२१ जुलै, शनिवार. गावी

पाऊस. पत्र्यावर इतका आवाज की ध्वनिमुद्रण अशक्य. दिवस वाया. रोज जळगावहून ये-जा नको म्हणून पुनाला मिलच्या कचेरीतच झोपायला ठेवला आहे. आबा दोनदा छत्री घेऊन मिलकडे चक्कर मारून आले. म्हणे पाणी गळतंय का ते बघायला. युनिटबद्दल त्यांना आपुलकी वाटायला लागली आहे, याचं मला फार समाधान वाटलं.

बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की त्या नवापूरवाल्याला एक मुलगी आहे. आबांनी नाव विचारलं. मी सांगितलं, राणी. त्यांनी मान हलवली. संध्याकाळी बाजारातून गोडशेवेचा पुडा घेऊन आले आणि माझ्याजवळ दिला. “त्या पोरले देज्यो.” दुसऱ्याच्या लेकरासाठी आबांनी पुडा आणल्याचं मला तरी आठवत नाही. माणसाला कला कशी मऊ करते, यावर मी पुढे कधीतरी लेख लिहीन.

२२ जुलै, रविवार. गावी

आजचं लिहायला मला जमेल का माहीत नाही. तरी क्रमाने लिहितो.

सकाळी उजेड छान होता. फाटकाच्या आत टेबल, त्यावर गव्हाची गोणी, ते कोठार. आबा टेबलामागे. पुना दांड्याच्या बाहेर. वाक्य एकच: “तुझं माप नाही. माघारी फिर.” ते वाक्य पाठ करायला आबांना मी आठ दिवस दिले होते.

पहिल्या वेळी आबा खोकले. दुसऱ्या वेळी म्हणाले, बकरी आत आली. बकरी नव्हतीच. तिसऱ्या वेळी “तुझं माप” म्हणून थांबले आणि पाणी मागितलं. मग म्हणाले, नवापूरवाल्याला पण द्या, केव्हाचा उभा आहे. मी कपाळावर हात मारला. टेप वाया जात होती, उजेड सरकत होता. चौथ्या-पाचव्या वेळी मी आबांच्या अंगावर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, सहा वर्षं तर न चुकता म्हणताय, आज कॅमेऱ्यासमोर म्हणायला काय झालं?

हे मी का बोललो, मला माहीत नाही. बोलायचं नव्हतं. कौतिकभाऊ बाहेर निघून गेले. आबा माझ्यावर खेकसतील म्हणून मी वाट बघत होतो. ते हळूच म्हणाले, “हाई माले बोलता येवाव नही, रतिलाल. दुसरं काही सांग.”

मी म्हटलं, दुसरं काही नाही, हाच शेवट आहे. आणि कॅमेरा सुरू केला.

आबांनी पुनाकडे बघितलं. त्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचंच तोंड दिसत असणार. बराच वेळ बघत राहिले. मग गोणीत हात घातला आणि विचारलं, “कितला जन शेतस तुम्ही?”

पुनाने हातमोज्यातली तीन बोटं वर केली.

आबांनी मूठ भरली आणि टेबलावर ठेवली. वर चिमूट टाकली, सव्वा होण्यासाठी. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली. बायकांच्या नावाने मूठ घेत नाहीत, पोरींच्या नावाने तर नाहीच, हे आबांइतकं पक्कं कोणाला माहीत नाही. तिन्ही ढिगांवरून त्यांनी तळहात फिरवला. दांडा वर केला. पुना आत आला नाही, तिथेच उभा राहिला, आणि त्याच्या पाठीवरचा पंप हलत होता.

आबा म्हणाले, “घामायेल शे तो. हवा लागू द्या त्याले.” आणि काठी घेऊन घराकडे निघून गेले.

माझा अंगठा झूमवर गेला नाही. कॅमेरा बंद करायचंही सुचलं नाही. रिकाम्या टेबलाचं आणि गव्हाचं बरंच काही टेपवर आलं आहे. शेवट गेला. दोन ग्रहांमध्ये फिरणारं यान गेलं. मी फार चिडलेलो असायला हवा होतो.

एक शंका मात्र आहे. आबांनी पात्राला आत घेतलं की पुनाला? पुनाला ओळखलं असतं तर ते काही बोलले नसते का? पुनाही काही सांगत नाही, नुसता बसून आहे.

२६ जुलै, गुरुवार. पिंप्राळा

कौतिकभाऊंच्या हातून आबांचा निरोप आला: रविवारी कानबाईला नवापूरवाल्याला बायकापोरांसकट घेऊन या.

मी कुंदाला म्हटलं, आबांचं खरंच वय झालं. रोट परक्याला देत नाहीत आणि हे सरळ नवापूरच्या माणसाला बोलावतात. भाऊबंद काय म्हणतील?

कुंदाने हातातलं लाटणं खाली ठेवलं. आधी ती हसली आणि मग पदर डोळ्यांना लावला. “तुम्ही कॅमेऱ्यातून बघता ना,” ती म्हणाली, “म्हणून तुम्हाला दिसत नाही. दूध-भाकर कोणाला पाठवली होती त्यांनी?”

मी खुर्चीत बसलो. काठी, छत्री, गोडशेव, सगळं एकेक करून समोर आलं. पुना शेजारच्या खोलीत राणीला झोपवत होता. त्याला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, “पहिल्याच दिवशी. मी चालत आलो आणि त्यांनी काठी टेकवली ना, तेव्हाच.” पंधरा वर्षं लोकांचे चेहरे टिपणारा मी. माझ्या बापाचा चेहरा मला वाचता आला नाही. लाज वाटली, आणि आनंद इतका झाला की लाजेला जागा उरली नाही.

३० जुलै, सोमवार. गावी

काल कानबाई बसली, आज वाजतगाजत नदीवर बोळवून आलो. काल मायने गहू दळायला घेतला तेव्हा कोणाचं नाव घेतलं आणि किती मुठी टाकल्या हे तिने मोठ्याने सांगितलं, शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने. आबा तिकडे पाठ करून दोर वळत होते. पुना आत आला, पाया पडला. आबा म्हणाले, “केस काय झाया तुन्हा?” सहा वर्षांनी पुना म्हणून त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

एक गोष्ट मात्र अवघड झाली. जेवण झाल्यावर बसंतीने रोटाचा तुकडा पदराला बांधला. मायने बघितलं आणि तिचा चेहरा पडला. रोट उंबऱ्याबाहेर नेत नाहीत, परक्याच्या तोंडी जाऊ देत नाहीत. बसंतीला हे कोण सांगणार होतं? ती म्हणाली, “मेरे बापूसाठी. उसने पूछा था, तुझ्या सासरी काय खिलवतात.” सहा वर्षं त्या माणसाला सांगायला तिच्याजवळ काही नव्हतं.

पुना उठायला लागला, आबांनी हाताने बसवलं. बसंतीला म्हणाले, रोट इथंच ठेव पोरी, तो जात नाही. तिने गाठ सोडली. तिची मान खाली होती. मग आबांनी पुनाला व्याह्याबद्दल, बसंतीच्या वडिलांबद्दल विचारलं, “याही कसा शे, मी देखेल नही. दमा शे म्हंतस त्याले?”

हो, पुना म्हणाला. फार लांब येववत नाही.

रात्रीच्या गाडीने पुनाची मंडळी सुरतेला गेली. मालकाने माग दुसऱ्याला दिला असेल तर पुन्हा कुठेतरी शोधावा लागेल, तो म्हणाला. राणी आता टेबलाखाली जात नाही. आबांच्या खांद्यावरून फाट्यापर्यंत गेली.

४ ऑगस्ट, शनिवार. पिंप्राळा

तीन दिवस दोन व्हीसीआर जोडून संकलन करतोय. खरं सांगायचं तर एक प्रयत्न केला. जीवरामला बोलावून “तुझं माप नाही, माघारी फिर” हे वाक्य त्याच्या आवाजात आबांच्या एका जुन्या शॉटवर बसवून बघितलं. जीवरामचा आवाज भरदार आहे. चित्र असं काही जमलं की अंगावर यावं. बक्षीस नक्की होतं.

मग मी ते पुसलं. आबांच्या तोंडी ते वाक्य मला ऐकवेना. आता पहारेकरी तीन मुठी धान्य टाकतो, दांडा वर करतो आणि निघून जातो. पुढे रिकामं टेबल. हा भयंकर भविष्याचा शेवट नाही हे मला कळतं. कॅसेट आजच धुळ्याच्या एसटीने कंडक्टरच्या हाती पाठवली.

१९ ऑगस्ट, रविवार. धुळे

आज निकाल. आबांनी हट्ट धरला की मीही येतो. धोतर-टोपी, हातात भली मोठी पिशवी. मला वाटलं दिवसभराचं खाणं असेल.

आमचा चित्रपट दाखवला. हमाल हादरले तेव्हा लोक हसले, घोरण्याला टाळ्या पडल्या. आबा पडद्यावर आले तेव्हा शेजारी बसलेले आबा ताठ झाले, आणि मुठी टाकताना मांडीवरचा त्यांचा हात मिटत होता. परीक्षकांनी नंतर सांगितलं की कल्पना चांगली, पण कायदा राबवणारा पहारेकरीच कायदा मोडतो आणि त्याचं कारण दिलेलं नाही, त्यामुळे संघर्ष ढिला पडतो. बक्षीस एका यंत्रमानवाच्या चित्रपटाला गेलं. मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाटलं. कारण द्यायला हवं होतं हे बरोबर आहे. ते वीस मिनिटांत कसं द्यायचं, हे मला अजून माहीत नाही.

बाहेर आल्यावर मी जळगावच्या गाडीकडे वळलो. आबा हलले नाहीत. धुळ्याच्या स्टँडवर सुरतेची गाडी लागली होती, तिच्या पाटीकडे बघत होते. मग पिशवी उघडून दाखवली. गोडशेव, शेंगा, मायने दिलेलं लुगडं आणि नवी टोपी. टोपी व्याह्यासाठी. दम्याच्या माणसाला इकडे येववत नाही, तर मी जाऊन भेटतो, म्हणाले. आबा धुळ्याच्या पलीकडे कधी गेले नाहीत.

गाडीच्या पायरीजवळ ते थांबले. कंडक्टर ऐकणार नाही अशा बेताने मला विचारलं, “रतिलाल, सुरतले जावाले काही कागद लागतस का?”

मला आधी हसू आलं. नंतर आलं नाही. म्हटलं, नाही आबा. तिकीट काढायचं आणि बसायचं. एवढंच.

“नाका-बिका?”

काही नाही.

आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मंग माले इतला वरीस कोनी धरी ठेयेल व्हतं?” ते म्हणाले, आणि पायरीवर पाय ठेवला.

मी त्यांना खिडकीजवळची जागा दिली आणि शेजारी बसलो. कंडक्टर आला तेव्हा दोन सुरत म्हणालो.